चिकू, चॉकलेट आणि वाटीतला रुपया
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहण्याची मला सवय नाही; ओट्यापुढे उभे राहण्याची आहे. म्हणून चिटणीसबाईंनी जेव्हा "फळांचे आणि चॉकलेटचे गार खाऊ घरच्या घरी कसे करावेत, यावर चार शब्द बोला" असे सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या, "बोलू नका, करून आणा. आणि करता करता जे तोंडात येईल ते सांगा." एवढे मात्र मला जमण्यासारखे होते. समोर टेबलावर बर्फाच्या पेटीत जे दोन डबे दिसत आहेत, ते त्यासाठीच आहेत. पण ते भाषण संपल्यावर उघडावयाचे आहेत, आधी नाही. म्हणजे निदान तोवर तरी आपण कोणी उठून जाणार नाही!

आपल्या चिखल्यात चिकूचे कौतुक ते काय सांगावे? एका अंगाला नरपड, दुसऱ्या अंगाला घोलवड आणि बोर्डी, समोर सुरूची बने नि समुद्र, आणि मधे आपल्या वाड्या. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा पहिल्याच सकाळी सासूबाईंनी ताटलीत चार चिकू ठेवले होते. मी घाटावरची, मला त्याचे अप्रूप वाटले. आठव्या दिवशी ते अप्रूप संपले. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तशातलीच ही गोष्ट. विकत नाही ते नाहीच, पण पिकतं तिथं खाल्लेही जात नाही!

बाहेर मात्र या फळाला मान आहे. 'डहाणू घोलवड चिकू' या नावाने त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२१ साली हा चिकू विलायतेलाही रवाना झाला. पण वाडीतल्या बाईला ठाऊक असते की पेटीत जातो तो चिकू वेगळा आणि घरी उरतो तो वेगळा. व्यापाऱ्याला हवा असतो तयार झालेला पण टणक चिकू, वाटेत पिकणारा. झाडावरच मऊ पडलेला, उतरवताना जाळीतून निसटून आपटलेला, आकाराने लहान, असा सगळा माल टोपलीत मागे राहतो. तो आज खाल्ला तर अमृत, उद्या पाहिला तर आंबलेला. आमच्या घरी अशा चिकूंचे काही तुकडे सासूबाई उन्हात सुकवीत. बाकीचे गुरांपुढे नाहीतर खताच्या खड्ड्यात जात. दर वेळी खड्ड्यात टोपली पालथी करताना माझा हात जड होई. वर्षभर झाडाला पाणी कोणी घातले, आणि खड्ड्यात कोण ओतते आहे!

याच्या उलट चित्र घरात. माझा नातू तेव्हा पाच वर्षांचा होता. चिकू पुढे केला की तोंड फिरवी, आणि दुकानातल्या रंगीत बर्फाच्या कांडीसाठी मात्र रडून घर डोक्यावर घेई. ती कांडी चोखून झाली की मुलाची जीभ निळी नाहीतर लाल. मी त्याला म्हटले, "अरे, आपल्या वाडीत एवढा गोड चिकू आहे." तो म्हणाला, "आजी, चिकू गार नसतो. आणि त्याला काडी पण नसते."

भगिनींनो, मुलांचे म्हणणे कधी कधी अगदी साधे असते. चिकू गार करावा आणि त्याला काडी लावावी, एवढेच त्याचे मागणे होते. भिशीच्या पैशातून मी नुकताच एक छोटा खोल फ्रीझर घेतला होता. म्हटले, करून तर पाहू.

पहिला घाणा फसला. घाई म्हणून मी अर्धवट पिकलेले चिकू घेतले. कच्च्या चिकूत तुरटपणा असतो आणि चीकही असतो. गोठवल्याने तो जात नाही. तुकडा तोंडात घातल्याबरोबर सगळ्यांची तोंडे अशी वाकडी झाली की बोलायची सोय राहिली नाही. आमच्या घरचे इतके शांत जेवण मी पूर्वी कधी पाहिले नव्हते!

दुसरा घाणा चॉकलेटने फसवला. वितळत ठेवलेल्या चॉकलेटच्या भांड्यात मी ओला चमचा घातला. पाहता पाहता त्या तुळतुळीत चॉकलेटचा चिखलासारखा गोळा झाला. याचे कारण नंतर कळले. चॉकलेट म्हणजे कोकोच्या स्निग्धांशात घोळलेली कोकोची आणि साखरेची अगदी बारीक पूड. त्यात पाण्याचे दोन थेंब पडले की साखर ओलसर होऊन कण एकमेकांना चिकटतात. म्हणून भांडे, चमचा, हात, सगळे कोरडे ठक्क हवे. तरीही असे झालेच तर ते फेकू नका. त्यात गरम दूध ओतून ढवळा, मुलांना प्यायला द्या. मीही तेच केले आणि "आज मुद्दामच केले" म्हणून सांगितले.

तिसऱ्या वेळी जमले. ती रीत आता सांगते. लिहून घ्यावयाची असेल त्यांनी घ्यावी.

बारा मध्यम चिकू घ्या. देठाशी बोटाने दाबले असता किंचित दबतील असे, पण लगदा न झालेले. धुऊन, पुसून, सोलून प्रत्येकाच्या चार फाका करा. बिया एकूण एक काढा. चिकूच्या बीला टोकाशी आकडा असतो. लहान मुलाच्या घशात ती अडकली तर जिवाशी गाठ. गोठलेल्या तुकड्यात बी दिसत नाही, म्हणून हे काम दुसऱ्यावर सोपवू नका. फाकांना काड्या टोचा. पसरट ताटलीवर लोणी गुंडाळायचा कागद अंथरा आणि त्यावर फाका एकमेकींना न लागतील अशा एका थरात मांडा. ढीग करू नका. ढीग हळू गोठतो. हळू गोठले म्हणजे फळातल्या पाण्याचे मोठाले स्फटिक होतात, ते फळाचा गर फाडतात, आणि मग खाताना चिकू न लागता ओला भुसा लागतो. एका थरात मांडलेल्या फाका तीन-चार तासांत दगडासारख्या होतात.

आता चॉकलेट. दोनशे ग्रॅम गडद चॉकलेट बारीक चिरा. चिकू मुळात फार गोड, म्हणून दुधाळ चॉकलेटपेक्षा हे थोडे कडवट चॉकलेट त्याला शोभते. पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करा, त्यावर कोरडे वाडगे असे ठेवा की त्याचे बूड पाण्याला टेकणार नाही. वाफेच्या उबेवर चॉकलेट वितळेल. त्याला आगीची गरज नाही. कोकोचा स्निग्धांश साधारण चौतीस अंशांवरच वितळतो, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेहूनही थोडे कमी. म्हणून तर चॉकलेट तोंडात विरघळते, आणि म्हणूनच आपल्या वैशाखात ते कपाटातही विरघळते!

वितळलेल्या चॉकलेटमध्ये तीन लहान चमचे खाण्याचे खोबरेल तेल घाला. ही युक्ती मला फार आवडली, कारण ती आपल्या घरातली आहे. हिवाळ्यात बाटलीतले खोबरेल थिजते हे आपण सर्वजणी पाहतो. चोवीस-पंचवीस अंशांखाली ते गोठू लागते. चॉकलेटमध्ये ते घातले की चॉकलेट पातळ होते, फाकेवर सारखे बसते, आणि गार फाकेला लागताच काही क्षणांत कडक कवच होते. मोडताना कट्कन आवाज येतो. मुलांना तो आवाज खाण्याहूनही आवडतो. कवच ओले आहे तोवर भाजलेल्या दाण्याचे कूट किंवा किसलेले सुके खोबरे भुरभुरावे. पण हात चालाखीने चालवावा, कारण चॉकलेट आपल्यासाठी थांबत नाही.

केळ्याचेही असेच करता येते. काप लिंबाच्या रसात बुडवून लगेच पुसून घ्यावेत म्हणजे काळे पडत नाहीत. आणि जे चिकू अगदीच मऊ पडले त्यांचा गर काढून, दोन वाट्या गराला एक वाटी तापवून गार केलेले दूध आणि दोन चमचे कोको पूड घालून, फेटून लहान पेल्यांत गोठवावे. साखर मुळीच घालू नये. ज्यांच्या घरी साखरेचा आजार आहे त्यांनी मात्र "साखर घातलेली नाही" या शब्दांवर भुलू नये. चिकूची गोडी ही साखरच आहे. एक फाक घ्यावी आणि उरलेल्यांकडे पाहावे.

पहिल्यांदा जमले त्या दिवशी नातवाने चार फाका खाल्ल्या आणि विचारले, "आजी, हे कुठल्या दुकानातले?" मला त्याचा राग यायला हवा होता, पण खरे सांगते, मला आनंदच झाला.

या जोडीविषयी एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. आपण समजतो, चिकू आपला आणि चॉकलेट परक्यांचे. प्रत्यक्षात चिकूही आपला पाहुणाच! त्याचे माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथले लोक चिकूच्या झाडाचा चीक उकळून चघळीत. पुढे त्यापासूनच चघळायच्या गोळ्यांचा धंदा उभा राहिला. आणि कोकोच्या बिया वाटून त्यांचे पेय करणारेही त्याच मुलखातले लोक. म्हणजे ही दोघे एका माहेरची. एक समुद्र ओलांडून आपल्या वाडीत नांदायला आला, दुसरी कागदात गुंडाळून दुकानात आली, आणि पुन्हा गाठ पडली ती चिखल्याच्या फ्रीझरमध्ये!

इथपर्यंत सगळे गोड झाले. आता जे सांगावयाचे आहे ते गोड नाही. चिटणीसबाईंनाही मी ते आधी सांगितलेले नाही. पण आपल्यापैकी काहीजणींनी सुचवले आहे की मंडळाने हे खाऊ करून विकावेत. बोर्डीला २०१३ साली चिकू महोत्सव सुरू झाला. तशा एखाद्या ठिकाणी आपला ठेला लागावा. कल्पना चांगली आहे. म्हणूनच हे सांगणे मला भाग आहे.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले ते आपणा सर्वांना आठवत असेल. आमच्या वाडीतली झाडे आडवी झाली. घरात वीज नव्हती ती तीन दिवस. पडलेल्या झाडांवरचे चिकू गोळा करता करता फ्रीझरकडे कोण पाहतो? तिसऱ्या दिवशी रात्री वीज आली. सकाळी मी झाकण उघडले तर सगळे पेले पुन्हा टणक गोठलेले. दूध-चिकूचे वीस पेले होते. वर बर्फाची नक्षी, वास नाही, रंग नाही बदललेला. माझ्या मनात आले, बरे झाले, वाचले. वाडीचे एवढे नुकसान झाले होते की वीस पेले वाचल्याचाही आधार वाटला.

सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "सूनबाई, वीज नव्हती तेव्हा ते विरघळले नव्हते का?" मी म्हटले, "आता घट्ट आहेत ना!" त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना फ्रीझरमधले कळत नाही असे मी धरून चालले होते. दुपारी नातवाला एक पेला दिला, आणि शेजारच्या दोन मुलांनाही.

संध्याकाळपासून नातवाला उलट्या सुरू झाल्या. रात्री ताप आला. भगिनींनो, ते दिवस करोनाचे होते. ताप म्हटला की घर गोठून जाई. रात्री अकरा वाजता, पडलेली झाडे चुकवीत, हे आणि मुलगा त्याला मोटारसायकलवर मधे धरून दवाखान्यात घेऊन गेले. मी मागे राहिले आणि शेजारच्या दारात गेले. त्या घरची मुले झोपली होती की नाही हे विचारायला माझी जीभ वळेना. त्यांच्या आईने दार उघडले. मी म्हटले, "मुले कशी आहेत?" ती म्हणाली, "धाकट्याचे पोट दुखते आहे. का हो काकी?" मी तिला खरे ते सांगितले. आयुष्यात मला तेवढे जड वाक्य दुसरे बोलावे लागलेले नाही.

देवाची कृपा म्हणा, डॉक्टरांचे उपचार म्हणा, दोन दिवसांत दोन्ही मुले बरी झाली. तो करोना नव्हता. खाण्यातला दोष होता. डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावले. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, ते नुसते निजतात. पदार्थ विरघळून उबेला राहिला की जागे होतात, वाढतात. पुन्हा गोठवला की पुन्हा निजतात, पण वाढलेले तसेच राहतात, आणि त्यांनी सोडलेले विषही जात नाही. दुधाच्या पदार्थाला तर हा धोका फारच. वासावरून, रंगावरून काही कळत नाही. पुन्हा गोठलेला पेला हा शपथेवर खोटे बोलणाऱ्या साक्षीदारासारखा असतो!

घरी आल्यावर सासूबाईंपुढे मी डोळे वर करू शकले नाही. त्यांनी मला एक शब्द टाकून बोलले नाही. फक्त म्हणाल्या, "उन्हात वाळवलेल्या चिकूवर पाऊस पडला तर मला दिसायचे. तुझ्या पेटीत पाऊस पडला ते दिसत नाही. दिसेल असे काहीतरी कर."

दिसेल असे काहीतरी! त्या शाळेची फारशी पायरी चढलेल्या नाहीत. पण नेमके बोट त्यांनी ठेवले. त्यावर शोधता शोधता मला ही युक्ती सापडली. एका लहान वाटीत पाणी गोठवावयाचे, बर्फ पक्का झाला की त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवावयाचे आणि वाटी फ्रीझरमध्ये राहू द्यावयाची. वीज जाऊन आली की आधी वाटी पाहावी. नाणे वरच असेल तर बर्फ विरघळला नव्हता. नाणे बर्फात रुतलेले किंवा तळाशी गेलेले दिसले, तर आतला सगळा माल विरघळून पुन्हा गोठला आहे. त्याला खड्ड्याखेरीज दुसरी जागा नाही. भरलेला आणि झाकण न उघडलेला खोल फ्रीझर साधारण दोन दिवस थंडी धरून ठेवतो, अर्धा भरलेला एक दिवस; फ्रिजच्या वरच्या कप्प्याचा तेवढाही भरवसा धरू नये. पण हिशेब करीत बसण्यापेक्षा रुपया विचारावा. तो कोणाची भीड धरीत नाही.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक डब्यावर केल्याची तारीख असते. महिन्याच्या आत डबा संपतो, नाहीतर काढून टाकला जातो. वाढताना फाक पाच मिनिटे बाहेर ठेवते, म्हणजे म्हाताऱ्या दातांना आणि लहान जिभांना सोसते.

आता ठेल्याविषयी. पिकवणाऱ्यांनी स्वतः माल करून विकावा, यासारखी चांगली गोष्ट नाही. कर्नाटकात सुपारी आणि कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची 'कॅम्पको' ही सहकारी संस्था १९७३ साली निघाली. कोकोला गिऱ्हाईक मिळेनासे झाले तेव्हा संस्थेने तो विकत घेतला, आणि १९८६ साली पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखानाच उभा केला. पिकवणारे हात चॉकलेट करू शकतात, तर आपले हात त्यात चिकू का बुडवू शकणार नाहीत? शिकायचे झाल्यास कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. विक्री करण्यापूर्वी अन्नसुरक्षेची सरकारी नोंदणी करावी लागते. तीही आपण रीतसर करू.

पण माझ्या दोन अटी आहेत. पहिली, सुरुवातीला फक्त फळांच्या फाका विकाव्यात. दुधाचे पेले घरातच राहू द्यावेत. दुसरी, ठेल्यावरच्या पेटीत नाण्याची वाटी सर्वांना दिसेल अशी ठेवावी, आणि नाणे बुडाले तर त्या दिवशीचा ठेला बंद. कितीही नुकसान होवो. "आता घट्ट आहेत ना" हे वाक्य आपल्या मंडळात कोणी उच्चारू नये. ते मी एकदा उच्चारले आहे, तेवढे पुरे.

शेजारची ती आई आज इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी घेऊनच मी हे बोलले. त्या प्रकारानंतर कितीतरी दिवस तिची मुले आमच्याकडे काही खात नसत, आणि मीही त्यांना कधी आग्रह केला नाही. मग एका दुपारी धाकटा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, रुपया वर आहे का?" मी वाटी काढून त्याच्या हातात दिली. त्याने नाणे बोटाने चाचपले, आणि मग हात पुढे केला.

एवढेच माझे सांगणे. आता डबे उघडते. पण त्याआधी ही वाटी पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेपर्यंत फिरू द्या. प्रत्येकीने रुपया पाहावा, आणि मगच फाक घ्यावी.